दहा बाय बाराच्या खोलीतला अकोले तालुका

नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, कामकरी वस्तीबद्दल लिहायचं तर शहरातल्या तोफखान्यात शिरावं, पद्मशाली विणकरांचे माग आणि विड्या वळणाऱ्या बायकांचे उंबरे पाहावेत, असं कोणीही सुचवेल. तोफखान्यावर कोणीतरी लिहायला हवंच. पण या जिल्ह्यातल्या माणसांनी वसवलेली आणि मराठीत सगळ्यांत नीट उतरलेली कामकरी वस्ती जिल्ह्याच्या हद्दीत सापडत नाही. ती मुंबईत, नागपाड्यालगत होती. तिचं नाव कावाखाना. दया पवारांच्या ‘बलुतं’ची सुरुवातीची पानं तिच्यावर आहेत.

1978 साली ग्रंथालीनं काढलेलं हे आत्मकथन आता अभ्यासक्रमात लागतं, त्यावर प्रबंध होतात, आणि त्या ओझ्याखाली नेमकी हीच पानं दबून जातात. परीक्षेत प्रश्न येतो तो गावकीवर, जातीवर, लेखकाच्या दुभंगलेल्या मनावर. कावाखाना ‘लेखकाचं बालपण’ या मथळ्याखाली चार ओळींत उरकला जातो. माझं मत उलट आहे. पुस्तकाचं नाव ज्या गावच्या व्यवस्थेवरून पडलं, ती व्यवस्था धामणगावच्या पानांत समजते हे खरंच. पण ती किती चिवट आहे, घाट उतरून, रेल्वेत बसून, ट्रामच्या खडखडाटातही ती माणसाच्या मागोमाग कशी येते, हे कळतं कावाखान्यात.

पवारांचा जन्म 1935 सालचा, अकोले तालुक्यातल्या धामणगावचा. घरचं नाव दगडू मारुती पवार. अकोले तालुका म्हणजे कळसूबाई, हरिश्चंद्रगड आणि प्रवरेचा उगम असलेला डोंगराळ मुलूख. 1926 साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं आणि या डोंगरांत पडणारं पाणी कालव्यांनी खाली राहुरी-श्रीरामपूरच्या बाजूला निघालं. तिथं ऊस झाला, कारखाने झाले. पाणी पूर्वेला गेलं आणि माणसं पश्चिमेला. घोटी-इगतपुरीला गाडी धरायची, कसाऱ्याचा घाट उतरायचा, की मुंबई. जिल्ह्याच्या इतिहासात उसाची गोष्ट ठळक अक्षरांत येते. माणसांची गोष्ट लिहायला धामणगावचा एक मुलगा चाळिशीला पोचावा लागला.

पवार ज्या महार समाजातले, त्याला गाव सोडायला दुष्काळ लागतच असे असं नाही. वतनाची जमीन वाढत नाही, वाटेकरी वाढतात. गावकीची कामं मात्र तीच राहतात: वेसकराची पाळी, सांगावे, मेलेलं जनावर ओढणं, सरकारी अंमलदाराच्या घोड्यापुढं धावणं. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं. हलकी वतनं कायद्यानं संपायला 1958 साल उजाडलं. मधल्या तीस वर्षांत ज्यांना जमलं त्यांनी स्वतःपुरता कायदा केला आणि मुंबईची वाट धरली. मुंबईतही दारं सगळी उघडी नव्हती. कापडगिरण्यांत सगळ्यांत बरी मजुरी विणाईखात्यात. आणि तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढून काढावा लागे म्हणून अस्पृश्याला मज्जाव. उष्ट्या धाग्याचा विटाळ. 1928 च्या गिरणीसंपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपवाल्यांच्या पुढाऱ्यांसमोरच ठेवला होता. म्हणजे गिरणीत गेला तरी महार कमी मजुरीच्या खात्यात, नाहीतर गोदीत, नाहीतर डोक्यावर ओझं घेऊन हमालीत. कावाखाना समजून घ्यायला ही पार्श्वभूमी लागते. पवार मात्र ती सांगत बसत नाहीत. ते थेट खोलीत नेतात.

खोली दहा बाय बाराची. तीत आई-वडील, आजी, चुलत्याचं बिऱ्हाड. नळ, सामाईक संडास. आजूबाजूच्या बिऱ्हाडांत आणखी दोन-तीन पोटभाडेकरी आणि त्यांच्या मध्ये आडोशाला लाकडी खोकी. इतकंच. झोपडपट्टीच्या वर्णनात जे हमखास येतं, ती दुर्गंधी, तो अंधार, ती ओल, यांवर इथं एकही वाक्य रेंगाळत नाही. लेखक मापं देतो, माणसं मोजतो, आणि पुढं जातो. पवारांनी पुढं परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात कारकुनी केली, नंतर रेल्वेच्या हिशेब तपासणीत नोकरी केली. त्यांच्या गद्यातला हा ताळेबंदी स्वभाव तिथून आला असावा असं मला नेहमी वाटतं. पोटभाडेकरी किती, खोली केवढी, कोण कुठं कामाला, कोण काय विकतं. भावनेचा आकडा ते कुठंच मांडत नाहीत, वाचणाऱ्याला आपली आपण बेरीज करावी लागते. मध्ये खोकी ठेवून झालेल्या त्या आडोशात नव्यानं लग्न झालेलं जोडपं कसं राहत असेल, हा विचार पान उलटल्यावर येतो.

मग येतात तालुक्यांची नावं. या वस्त्यांतली माणसं कुठली? संगमनेरची, अकोल्याची, जुन्नरची, सिन्नरची. नकाशावर बोट ठेवा: जिल्हे तीन आहेत, नगर, पुणे आणि नाशिक, पण चारही तालुके एकमेकांना खेटून. ज्या गावांत सोयरिकी होत, तीच गावं. म्हणजे मुंबईत ‘महार’ म्हणून एक वस्ती झाली नव्हती, डोंगराच्या एका पट्ट्यातले सोयरेधायरे उचलून तिथं ठेवल्यासारखे होते, आणि त्यांच्या भोवती मुसलमानांचा, ख्रिश्चनांचा, कामाठ्यांचा समुद्र. या एका तपशिलामुळं पुढचं सगळं उलगडतं. गावचं भांडण मुंबईत का पोचतं, मुंबईतली अब्रू गावात का मोजली जाते, आणि बाप दारू प्यायला की चर्चा कावाखान्यात होऊन लाज धामणगावात का वाटते, हे त्या चार नावांत आहे. समाजशास्त्राच्या पुस्तकात याला एक प्रकरण लागलं असतं.

समाजशास्त्राचा उल्लेख उगाच केला नाही. याच नागपाड्यात अमेरिकन मराठी मिशननं विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ काढलं. हे तेच मिशन, ज्याचं मोठं ठाणं 1831 पासून नगरला होतं, ज्याचं ‘ज्ञानोदय’ 1842 साली नगरहून निघालं. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे तिथले संचालक; आणि त्यांच्याच पुढाकारानं 1936 साली, दगडू एक वर्षाचा असताना, सर दोराबजी टाटा यांच्या नावानं समाजकार्याचं पहिलं विद्यालय याच घरात सुरू झालं. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. कामकरी वस्ती कशी पाहावी, नोंदी कशा कराव्या, कुटुंबाची माहिती कशी विचारावी, याचं शिक्षण हाकेच्या अंतरावर चाललेलं होतं. आणि त्या वस्तीची जी नोंद शेवटी टिकली ती प्रश्नावलीतून आलेली नाही. ती आतल्याच एका पोरानं चाळीस वर्षं डोक्यात वागवली. मी सर्वेक्षणांची टिंगल करत नाहीये. पण कोणत्या बाईनं कोणत्या दुकानासमोर बसायचं हे कोणत्याही प्रश्नावलीत विचारलं जात नाही.

आणि कावाखान्याचा गाभा तोच आहे. पुरुषांची कामं पवार पटकन सांगून मोकळे होतात: हमाल, गिरणी-कारखान्यांतले, गोदीतले. स्वतःचे वडील सुक्या गोदीत. बायकांपाशी मात्र गद्य थांबतं, तपशिलात जातं. त्या रस्त्यावरच्या चिंध्या, कागद, काचा, लोखंड वेचतात. घरी आणून जातवार निवडतात. सकाळी विकायला नेतात. हे काम म्हणजे कावाखान्याचा मुख्य धंदा. पुरुषाचा पगार दारूच्या वाटेनं गेला तरी चूल पेटते ती या गाठोड्यावर. नवऱ्याचा मार खातात आणि त्याचं व्यसनही पोसतात, हे पवार ज्या कोरडेपणानं सांगतात त्यात चीड आहे की कौतुक आहे की लाज, हे मला अनेकदा वाचूनही ठरवता आलेलं नाही. बहुधा तिन्ही आहेत, आणि लेखकानं त्यांतलं एकही निवडलं नाही हे चांगलं केलं.

या वेचण्यात भांडणं होतात. कोणत्या दुकानासमोरचा कागद कोणाचा, कापडबाजारातल्या कोणत्या पायरीखालच्या चिंध्या कोणी उचलायच्या, याचे हक्क ठरलेले आहेत. एकीच्या दुकानासमोर दुसरी वाकली की जुंपली. पुस्तकात ही गोष्ट जाता जाता येते, तिच्यावर लेखक बोट ठेवत नाही. पण पुस्तकाचं नाव आठवून हा तुकडा पुन्हा वाचा. गावात बलुतं म्हणजे काय? ठरलेल्या घराचं ठरलेलं काम आणि त्याबद्दल खळ्यावरचा ठरलेला वाटा. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 च्या ‘गावगाड्या’त हा सगळा पसारा कुणब्याच्या आणि अंमलदाराच्या बाजूनं मांडून ठेवला आहे, तिथं बलुतेदार हा खळ्यावर येऊन उभा राहणारा, हक्क सांगणारा, डोईजड होत चाललेला माणूस आहे. ‘बलुतं’त आपण त्याच खळ्याच्या दुसऱ्या बाजूला उभे असतो. आणि नागपाड्यात? तिथं पाटील नाही, चावडी नाही, खळं नाही. तरी बायकांनी वाटे पाडलेच. या दुकानाचा माझा, त्या दुकानाचा तुझा. गावानं शिकवलेली एकच न्यायाची रीत त्यांना ठाऊक होती, ती त्यांनी शहराच्या केरावर लावली.

इथं दोन गोष्टी एकदम घडतात. एक म्हणजे हा हक्क कोणी दिलेला नाही, तो बायकांनी आपापसांत उभा केला. गावातल्या बलुत्याला जो कमीपणा चिकटलेला असतो तो इथं नाही, कारण समोर हात पसरायला कोणी मालकच नाही. दुसरी म्हणजे हक्क कशावर, तर टाकून दिलेल्यावर. वतन सुटलं, वाट्याला येणारी वस्तू सुटली नाही. पहिली गोष्ट पाहून हुरळून जाणारे समीक्षक आहेत, दुसरी पाहून गळा काढणारे आहेत. पवारांचं मोठेपण हे की ते दोघांनाही जागा देत नाहीत. त्यांच्यासाठी ते आईच्या आणि आजीच्या पिढीचं रोजचं काम आहे.

आजी, देवकीआई, हे या पानांतलं सगळ्यांत भरीव माणूस. कावाखाना तिला याच नावानं ओळखतो. लहान वयात वैधव्य आलेलं, पोरांना घेऊन मुंबईत तगलेली. गावच्या गोष्टींत आजी म्हटलं की जात्यावरच्या ओव्या आणि मऊ लुगडं येतं. ही आजी शहरी आहे, कष्टकरी आहे, तिला रस्ते ठाऊक आहेत. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’ची आठवण मला इथं येते. तोही नगरशी बांधलेला संसार, आणि तिथंही आपल्याच घराकडं बघून हसण्याची, आपल्याच माणसाचा विक्षिप्तपणा न झाकता सांगण्याची तीच धीट सवय. दोन्ही घरांत केवढं अंतर! तरी मराठी आत्मकथनाचा सगळ्यांत मोकळा आवाज दोनदा याच जिल्ह्याच्या आसपास लागावा, हा योगायोग मला आवडतो. त्यातून सिद्धान्त काढायचा मोह मी आवरतो.

कावाखान्याच्या एका अंगाला कामाठीपुरा, फोरास रोड, गोलपिठा. इथं आल्यावर लेखकाची खरी कसोटी होती. मराठीत ही वस्ती तोवर दोन तऱ्हांनी लिहिली गेली होती: एक सुधारकाची, हळहळणारी, दुसरी मध्यमवर्गीय कुतूहलाची, जराशी चाळवलेली. पवारांच्या पुस्तकातला दगडू या बाजूनं शाळकरी वयात जातो-येतो आणि तिथल्या बायका त्याच्या शेजारणींच्या गिऱ्हाईक आहेत. त्यांच्या साड्या शेजारणी धुतात. आणि खिमापाव खाऊन विटलेल्या त्या बायकांना बाजरीची भाकरी आणि बर्बाट, म्हणजे मांसाचं कालवण, करून पाठवतात. बस, इतकाच संबंध. दोन कामकरी बायकांमधला व्यवहार.

पण ही भाकरी साधी नाही. धामणगावात या हातांनी थापलेली भाकरी गावात कोणी शिवली नसती. महाराच्या घरचं कालवण, त्यातून बर्बाट, म्हणजे गावानं नाकारलेल्या अन्नातलं अगदी टोकाचं. नागपाड्यात तेच अन्न कोणीतरी पैसे मोजून, आठवण काढून मागवतं. मागवणाऱ्या बायका कुठून कुठून आलेल्या, कोणत्या कोणत्या जातींच्या, हे कोणी विचारत नाही. खाणावळीचा हा उलटा प्रवास पवारांनी एका दमात सांगितला आहे आणि त्यावर भाष्य केलेलं नाही. भाष्य केलं असतं तर तो क्रांतीचा प्रसंग झाला असता आणि खोटा पडला असता; कारण याच बायकांना त्या वस्तीशेजारी राहताना स्वतःची अब्रू काचेच्या भांड्यासारखी सांभाळावी लागते, चुकीच्या दारात येणाऱ्या गिऱ्हाइकाला हाकलावं लागतं. शेजार जवळचा आहे म्हणून रेघ जास्त जोरात ओढावी लागते. एका हातानं धुणं घ्यायचं, दुसऱ्या हातानं रेघ ओढायची. वस्तीचा स्वभाव म्हणतात तो अशा ठिकाणी दिसतो.

याच भूगोलावर ‘गोलपिठा’ आहे. नामदेव ढसाळांचा तो संग्रह 1972 चा, त्याला तेंडुलकरांची प्रस्तावना. ‘बलुतं’च्या सहा वर्षं आधीचा. दोघांच्या मधलं अंतर पायी काही मिनिटांचं, आणि भाषा मात्र दोन टोकांच्या. ढसाळ त्या गल्ल्यांना आग लावतात, त्यांची कविता शिव्या, शाप, देव, इतिहास सगळं एका कढईत ओतते. पवार गल्लीत राहणाऱ्यांची नावनिशी करतात. मला दोन्ही लागतात. पण एक गोष्ट सांगून टाकतो: ‘गोलपिठा’ वाचून नागपाड्याची रात्र कळते, आणि सकाळ कळायला ‘बलुतं’ लागतं. गाठोडी बांधली जाण्याची, धुणी वाटली जाण्याची, बाप गोदीवर निघण्याची वेळ.

त्याआधीच्या कादंबऱ्यांशी ताडून बघितलं तर पवारांचं वेगळेपण आणखी स्वच्छ होतं. जयवंत दळवींची ‘चक्र’, भाऊ पाध्यांचा ‘वासूनाका’, मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’: साठीच्या दशकात मराठी कादंबरी मुंबईच्या तळाशी उतरली ती या पुस्तकांतून, आणि तिन्हींची ताकद मोठी आहे. पण दळवी आणि कर्णिक झोपडपट्टीत शिरताना आपल्याबरोबर वाचकालाही नेतात, वाकायला सांगतात, नाकाला रुमाल लावू देतात. वाचकाला परत आणण्याची जबाबदारी त्यांनी घेतलेली असते. ‘बलुतं’त परत आणणारं कोणी नाही. दगडू तिथंच राहतो, आणि तिथून सुटतो तोही गावाकडं, म्हणजे आणखी खोल.

आणि गिरणगावाचं साहित्य? ते कामगाराचं, युनियनचं, भोंग्याचं साहित्य आहे. नारायण सुर्व्यांच्या 1966 च्या ‘माझे विद्यापीठ’पासून जयंत पवारांच्या ‘अधांतर’पर्यंत त्याला एक कणा आहे: संप. 1982 च्या संपात तो कणा मोडला तरी तो मोडला हे सांगायला नाटक उभं राहिलं. कावाखान्याला असा कणा नाही. चिंध्या वेचणाऱ्या बाईनं काम बंद केलं तर कोणाचं नुकसान? फार तर शेजारणीला दोन दुकानं जास्त मिळतील. ‘कामगार’ या शब्दात तिला कोणी धरलंच नव्हतं. डाव्यांनी नाही, सरकारनं नाही, कवींनीही क्वचित. म्हणून कावाखान्याची गोष्ट लढ्याच्या वळणानं सांगता येत नाही. ती सांगायला पवारांना दुसरं वळण शोधावं लागलं. ते वळण म्हणजे गप्पा. दगडू मारुती पवार नावाचा इसम दया पवार नावाच्या लेखकाला भेटतो आणि बोलू लागतो, अशी पुस्तकाची रचना. कारकुनी करणारा, पांढरपेशात वावरणारा दया ऐकतोय. कावाखान्यातला दगडू सांगतोय.

या रचनेचं कौतुक फार झालं आहे, पण बहुधा दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व वगैरे शब्दांत. मला तिचा साधा उपयोग जास्त महत्त्वाचा वाटतो. बोलणारा माणूस मध्येच विषय बदलू शकतो. कावाखान्याचं सांगताना त्याला धामणगावचा तक्क्या, म्हणजे महारवाड्याची चावडी, आठवतो, तक्क्यावरून चान्या, म्हणजे मांसाच्या पट्ट्या, वाळत घातलेली दोरी, तिथून परत मुंबईचं एखादं माणूस. लेखी आत्मचरित्रात याला पसारा म्हटलं असतं. बोलण्यात तो ओघ होतो. आणि चार तालुक्यांतले सोयरे ज्या वस्तीत राहत, तिचं वर्णन याच पद्धतीनं होऊ शकतं. कारण तिथल्या माणसाच्या डोक्यात गाव आणि मुंबई अशा दोन वेगळ्या खोल्या नव्हत्याच.

आता खटकणाऱ्या गोष्टी. वडिलांची गोदीतली नोकरी जाते, कुटुंब गावी परततं, आणि तिथून पुस्तकाचा पट रुंदावतो: म्हारवाडा, शाळा, संगमनेरचं वसतिगृह, लग्न, पुन्हा मुंबई. मोठेपणीच्या मुंबईबद्दल लिहिताना पवारांच्या हातून तो ताळेबंद सुटतो. स्वतःच्या तगमगीवर ते फार थांबतात, घटना घाईनं येतात, काही बाया तर केवळ नायकाच्या अपराधी भावनेपुरत्या येऊन जातात. ज्या लेखकानं परक्या बाईच्या भाकरीच्या मागणीचा तपशील टिपला, त्याला आपल्या बायकोच्या बाजूचं जग तेवढं स्पष्ट दिसत नाही. पुस्तक आल्यावर शिकलेल्या दलितांतूनच आरडाओरड झाली, घरातलं चव्हाट्यावर का मांडलं म्हणून. ती तक्रार मला कधी पटली नाही. पण आईला या सगळ्यात काय वाटलं, हे पुस्तक विचारत नाही, ही तक्रार रास्त आहे. आई राबते, सोसते, मुलाला शिकवते. ती बोलते कमी. कावाखान्यातल्या बायकांची कामं आपल्याला ठाऊक होतात, त्यांचं मत नाही. त्या बाजूचं लिहिणं पुढं बेबी कांबळ्यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये, उर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये आलं, आणि ‘बलुतं’नं वाट केली नसती तर ते इतक्या धिटाईनं आलं असतं का, हाही प्रश्नच.

मूळ कावाखाना आता शोधायला जाऊ नये. पुस्तक लिहिलं जात होतं तेव्हाच त्याचं जुनं रूप राहिलं नव्हतं, तिथं मजल्यांवर मजले चढले होते. मुंबईची ट्राम तर 1964 च्या मार्चअखेर बंदच झाली. जेरी पिंटो यांनी 2015 साली ‘बलुतं’ इंग्रजीत नेलं तेव्हा कावाखाना जगाच्या वाचकांपुढं गेला, पण नागपाड्याच्या चौकात उभं राहून विचारलं तर किती जणांना ते नाव सांगता येईल, याची मला शंका आहे. वस्ती जाण्याचं मला फारसं दुःख होत नाही. दहा बाय बाराच्या खोलीबद्दल हळहळ वाटावी इतकं आपण हळवं होऊ नये.

त्या बायकांच्या हक्काचं मात्र पुढं काहीतरी झालं, आणि ते मुंबईत न होता पुण्यात झालं. 1993 साली तिथं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या सभासद बहुतेक दलित बायका. त्यांना महापालिकेच्या शिक्क्याची ओळखपत्रं मिळाली, वेचणं हे काम आहे असं कागदावर लिहिलं गेलं. त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि 2008 च्या सुमारास पुणे महापालिकेशी करार झाला: घरोघरचा कचरा या बायकांनी गोळा करायचा, घरटी शुल्क घ्यायचं, विकण्याजोगं ते विकायचं. कोणत्या गल्लीतली, कोणत्या इमारतीतली घरं कोणाकडं, हे त्यात ठरवून दिलेलं असतं. कापडबाजाराच्या पायऱ्यांसमोर देवकीआईच्या शेजारणी ज्या वाटणीसाठी एकमेकींच्या झिंज्या धरत, ती वाटणी इथं सही-शिक्क्यानिशी झाली. केर मात्र अजून त्याच जातींच्या हातांत आहे, आणि करार दर काही वर्षांनी नव्यानं मागावा लागतो.